मीटिंगमध्ये वाचून दाखवल्यासारखं बोललं जातं, ते सुटावं कसं?

चौथी_सीट

बीकेसीतल्या (मुंबईतलं वांद्रे-कुर्ला संकुल) एका वित्तसेवा कंपनीत ऑपरेशन्सची नऊ जणांची टीम सांभाळते. यंदाच्या अप्रेझलमध्ये बोलण्याबद्दल दोन शेरे आले: "माहिती अचूक, पण वाचून दाखवल्यासारखी" आणि "चर्चेत असून नसल्यासारखी". दोन्ही मला पटले, म्हणून इथे विचारते आहे.

प्रसंग तीन. पहिला, सोमवारी दुपारी अडीचचा व्हिडिओ कॉल. मुंबई, गुरुग्राम, लंडन. मला चार मिनिटं मिळतात, इंग्रजीत. सगळं लिहून ठेवते आणि मधेच प्रश्न आला की धागा तुटतो. दुसरा, टीममधल्या एकेकाशी होणारं बोलणं. काहींशी मराठीत, काहींशी हिंदीत. कडक काही सांगायची वेळ आली की मी आपोआप इंग्रजीत जाते. तिसरा, वरिष्ठ अचानक जागेपाशी येऊन "काय स्टेटस?" विचारतात तेव्हा. तोंडातून "होतंय सर, ऑलमोस्ट झालंय" निघतं. खरी परिस्थिती निघत नाही.

"कॉन्फिडन्स ठेव", "जशी आहेस तशी बोल" हे सल्ले मिळून झाले. वॉशरूममध्ये कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहायलाही एका ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. मला करण्याच्या गोष्टी सांगा: किती वेळ, कोणत्या क्रमाने, आणि काय केल्याने बिघडतं.

पडद्यामागून

ते कमरेवर हात ठेवणं आधी डोक्यातून काढून टाका. अशा पोजने जोर येतो आणि हार्मोन्सही बदलतात, असं सांगणाऱ्या २०१० मधल्या मूळ प्रयोगात ४२ माणसं होती. २०१५ मध्ये २०० जणांवर तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा लोकांना स्वतःला जरा जोर आल्यासारखं वाटलं, पण हार्मोन्समध्ये फरक सापडला नाही. २०१६ मध्ये तर मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिकेनेच त्या निष्कर्षावर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. ट्रेनिंगच्या स्लाइड मात्र बदलल्या नाहीत.

५५-३८-७ चंही तसंच. देहबोली ५५ टक्के, आवाज ३८ आणि शब्द फक्त ७, असं सांगितलं जातं. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतले. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचे, चेहऱ्याचे फोटो दाखवायचे आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, ते ओळखायला सांगायचं, एवढाच त्यांचा आवाका होता. तुम्हाला सोमवारी कोणत्या नोंदी का अडल्या ते सांगायचं असतं. तिथे शब्द ७ टक्के नसतात, तिथे शब्दच काम करतात.

आता तुमच्या चार मिनिटांकडे येऊ. पूर्ण वाक्यं लिहून आणली की बोलताना लक्ष पुढच्या शब्दावर असतं. कुणाच्या कपाळावर आठी पडली, कुणी म्यूट काढून पुन्हा लावला, हे तुम्हाला दिसतच नाही. "असून नसल्यासारखी" हा शेरा इथूनच आला असणार. त्यामुळे आवाज, हात, चेहरा यांच्या मागे लागू नका. लक्ष समोरच्याकडे जाईल अशी तयारी करा, बाकीचं बरंचसं मागून येतं.

तयारी अशी. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. एका मुद्द्याला एक ओळ आणि ओळीत तीनच गोष्टी: आकडा, अडलेली जागा, मागणी. उदाहरणार्थ "३१२ पैकी २९८ / १४, स्टेटमेंट नाही / लंडन, गुरुवार". यात एकही वाक्य नाही हे लक्षात घ्या. वाक्य तुम्ही तिथल्या तिथे बनवायचं, कारण तिथल्या तिथे बनवलेल्या वाक्यात बोलणारा विचार करताना ऐकू येतो. चार मिनिटांसाठी मुद्दे तीन, फार तर चार. समजेल अशा गतीने इंग्रजी बोललं तर मिनिटाला १२० ते १४० शब्द होतात, म्हणजे तुमच्याकडे फार तर साडेपाचशे शब्द आहेत. त्यातही एक मिनिट प्रश्नांसाठी मोकळं सोडा. आज तुमचा लिहिलेला मजकूर किती शब्दांचा असतो ते एकदा मोजाच.

दोन वाक्यं मात्र शब्दशः पाठ करा, पहिलं आणि शेवटचं. पहिलं अशासाठी की सुरुवातीला श्वास अपुरा असतो आणि शब्द शोधायला सवड नसते. शेवटचं अशासाठी की ते ठरलेलं नसलं की माणूस "सो... या... दॅट्स इट फ्रॉम माय साइड" असं विरत जातो आणि मागणी त्यात वाहून जाते. शेवटचं वाक्य नेहमी मागणीचंच ठेवा: कुणाकडून, काय, केव्हापर्यंत.

सराव तीन वेळा, मोठ्याने, उभं राहून. तिन्ही वेळा मधली वाक्यं वेगळी आली पाहिजेत. दुसऱ्यांदा तीच आली तर पाठांतर झालंय; कार्डावरच्या ओळींचा क्रम बदला आणि पुन्हा करा. चौथ्यांदा नको, कंटाळा आवाजात उतरतो.

मधेच प्रश्न आला तर पेनाचं टोक त्या ओळीवर ठेवा आणि प्रश्न शेवटपर्यंत ऐका. पहिल्या चार शब्दांत प्रश्न कळला असं वाटतं तेव्हाच उत्तर चुकतं. आधी निष्कर्ष द्या, मग कारण, मग पेन आहे त्या ओळीवर परत. वाक्यांची माळ नसल्यामुळे तुटायला धागाच राहत नाही.

बिघडतं कुठे तेही सांगते. दोन-तीन आठवड्यांत कार्डावरची ओळ हळूहळू लांबते आणि पुन्हा वाक्य होते. ओळीत आकडे सोडून सहाच्या वर शब्द दिसले की खोडा. दुसरं म्हणजे कार्डाऐवजी शेजारच्या मॉनिटरवर नोट्स उघडल्या की नजर आडवी सरकते आणि वाचताय हे सगळ्यांना कळतं. कार्ड कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, लॅपटॉपला टेकवून ठेवा. नजर खाली-वर झाली तर विचार करताय असं वाटतं.

क्रियापद_शेवटी

वरच्या उत्तरात भाषेचा भाग राहिला आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रसंगाचं मूळ मला तिथेच दिसतं.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. "हे या आठवड्याच्या रिलीजमध्ये घेता येणार नाही." वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द अगदी टोकाला आहे आणि श्वास नेमका तिथेच संपत असतो. "नाही" पुटपुटल्यासारखं निघतं, समोरच्याला "घेता येणार" एवढंच ऐकू जातं. पुढे वाद होतो की तू हो म्हणाली होतीस. हिंदीत "नहीं" बहुधा क्रियापदाच्या आधी येतं, इंग्रजीत तर वाक्याच्या सुरुवातीलाच. म्हणून मराठीत कठीण गोष्ट सांगताना नकार मोकळा पुढे आणा: "नाही, या आठवड्यात नाही. पुढच्या बुधवारी." उद्धट वाटेल ही भीती असते. तारीख जोडली की तसं वाटत नाही. नुसत्या "नाही"पाशी थांबलात तर वाटतं.

इंग्रजी बोलताना याच सवयीची दुसरी बाजू दिसते. आपण मराठी क्रमाने विचार करतो: आधी पार्श्वभूमी, मग कारण, मग निष्कर्ष. लंडनचा माणूस पहिल्या वाक्यात निष्कर्ष शोधत असतो. त्याला तो नव्वदाव्या सेकंदाला मिळतो आणि तोवर तो मेल उघडून बसलेला असतो. यात तुमच्या इंग्रजीचा दोष नाही, क्रमाचा आहे. क्रम उलटा करा, व्याकरण जसं आहे तसं राहू द्या.

आता कर्ता. मराठीत कर्ता लपवायच्या फार सुंदर सोयी आहेत. "मेल राहून गेला." "गडबड झाली." "चुकून पाठवलं गेलं." घरात हे गोड वाटतं. ऑफिसमध्ये ऐकणाऱ्याला कळतं की माणूस वाक्यातून बाहेर पडलाय. "मेल मी पाठवला नाही. आत्ता पाठवते" यात सहाच शब्द आहेत आणि त्यानंतर कुणी फारसं बोलत नाही. "राहून गेला" म्हटलं की पाच मिनिटं चौकशी चालते. टीमबद्दल बोलताना मात्र उलट करा. वरिष्ठांपुढे चूक सांगताना आधी "आमच्याकडून" म्हणा, नाव नंतर आणि गरज असेल तरच.

"आम्ही" आणि "आपण" यांतला फरक मराठीचं बळ आहे, तो वाया घालवू नका. "आपण" म्हणजे ऐकणाऱ्यासह. एकट्या मुलाने रात्री नऊपर्यंत बसून करायच्या कामाला "आपण हे आज संपवूया" म्हटलं की त्याला खोट लगेच कळते, कारण तुम्ही सव्वासहाला निघणार हे त्याला ठाऊक असतं. "हे तुला आज संपवावं लागेल. मी साडेसातपर्यंत फोनवर आहे, अडलं तर लगेच सांग." हे जास्त कडक आहे आणि जास्त आपुलकीचंही.

शेवटचा शब्द "बघते". मुंबईच्या ऑफिसात याचे तीन अर्थ होतात: हो, नंतर, आणि नाही. बोलणाऱ्याला एक अभिप्रेत असतो, ऐकणारा दुसरा घेतो. त्याजागी तीन वेगळी वाक्यं ठेवा. "करते, शुक्रवारी चारपर्यंत." "आत्ता सांगता येत नाही, उद्या बाराला सांगते." "जमणार नाही, कारण लेखापरीक्षण सुरू आहे." आठवडाभर "बघते" पूर्ण बंद ठेवून पाहा. पहिले दोन दिवस जीभ अडखळेल.

कडक बोलताना इंग्रजीत का जाता? इंग्रजी हातमोज्यासारखी वापरली जाते, थेट स्पर्श होत नाही. पण समोरच्या मुलाला तो बदल लगेच जाणवतो, "मॅडम आता इंग्रजीवर आल्या". ज्या भाषेत बोलणं सुरू झालं त्याच भाषेत कठीण वाक्य सांगा. वाक्य लहान ठेवा, विशेषणं काढा: "फाइल काल सहाला यायची होती. आज अकरा वाजले, आलेली नाही. काय अडलंय?" आणि इथे गप्प बसा.

हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे. २००९ मध्ये दहा भाषांमधल्या प्रश्नोत्तरांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघालं. म्हणजे दोन सेकंदांची शांतता नेहमीच्या दहापट लांब असते, ती बोचणारच. ती बोचते म्हणून आपण तिच्यात "नाही म्हणजे, मला माहितीये तू खूप काम करतोस" असं काहीतरी भरतो आणि प्रश्न बुजतो. मनात पाच आकडे मोजा. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आकड्याला खरं कारण येतं.

हिशेबाचा_माणूस

भाषा न बदलण्याच्या नियमाशी मी पूर्ण सहमत नाही. दोघंच असाल तर ठीक. पण टीममध्ये एखादा मलयाळी किंवा बंगाली असेल, तो शेजारी बसलेला असेल आणि तुम्ही मराठीत सुरू झालात, तर तो बाहेर पडतो. कुणी काही म्हणत नाही, पण तो पुढच्या वेळी कानात इअरफोन घालून बसतो. तिथे मुंबईची हिंदी बरी, कुणाचीच मातृभाषा नसल्यासारखी ती सगळ्यांची झाली आहे.

माझा मुख्य मुद्दा तिसऱ्या प्रसंगाबद्दल आहे. "ऑलमोस्ट झालंय" का निघतं? धीर नाही म्हणून निघतं असं मला वाटत नाही. त्या क्षणी नक्की आकडा डोक्यात नसतो, आणि नसलेल्या आकड्याच्या जागी "ऑलमोस्ट" बसतं. त्यामुळे यावर श्वासाचे व्यायाम करून उपयोग नाही. दिवसातून दोनदा, बाराला आणि पाचला, प्रत्येक चालू कामापुढे एक ओळ लिहा: किती झालं, किती उरलं, पुढची खात्रीची माहिती केव्हा मिळेल. नऊ जणांच्या टीमला पाच-सात मिनिटं लागतात. वहीत लिहा, म्हणजे उभ्या-उभ्या दिसतं. शीट उघडेपर्यंत साहेब पुढे गेलेले असतात.

मग उत्तर असं होतं: "चारपैकी तीन बॅच झाल्या. चौथी बँकेच्या फाइलवर अडली आहे. साडेचारला कळेल." अकरा शब्द. "साडेचारला संपेल" म्हणू नका. संपणं बँकेच्या हातात आहे, कळवणं तुमच्या हातात. जे हातात आहे त्याचीच वेळ द्या. आणि साडेचारला, काही नवं नसलं तरी, "अजून फाइल आलेली नाही, पुन्हा साडेपाचला सांगते" एवढं कळवा. विश्वास या दुसऱ्या निरोपावर बसतो. बहुतेक लोक पहिला देतात आणि दुसरा विसरतात.

आकडा खरंच माहीत नसेल तर "माहीत नाही, वीस मिनिटांत सांगते". "माहीत नाही" एकटं सोडू नका आणि "माहीत नाही" टाळूही नका.

वाईट बातमीचे नियम वेगळे. त्याच दिवशी, आधी फोनवर, मग मेल. ग्रुपवर कधीच नाही, कारण तिथे वरिष्ठांना सगळ्यांसमोर प्रतिक्रिया द्यावी लागते आणि ती हटकून जास्त तिखट येते. क्रम: काय घडलं, कुणाला फटका, आत्ता काय केलंय, तुमच्याकडून काय हवंय. कारणमीमांसा विचारल्यावरच. आधी कारण दिलं की सबब वाटते, तेच नंतर दिलं की माहिती वाटते.

आणि "खरेपणा" या शब्दाची लोक फार ओढाताण करतात. मनात आलेलं सगळं बोलून टाकणं त्यात बसत नाही. जे बोलाल ते खरं असावं, सगळं खरं मात्र बोलायलाच हवं असं नाही. राग आला असेल तर "मला या उशिराचा त्रास झालाय, कारण क्लायंटला मी शब्द दिला होता" हे सांगण्यासारखं आहे. "तुम्हा लोकांना काही पडलेलीच नाही" हा राग नाही, आरोप आहे. पगारवाढीबद्दल, कुणाच्या बदलीबद्दल ठाऊक असूनही सांगता येत नसेल तर "मला काही माहिती नाही" असं खोटं बोलू नका. "याबद्दल मला आत्ता बोलता येणार नाही" म्हणा. लोक ते समजून घेतात. खोटं मात्र कॅन्टीनमध्ये दोन दिवसांत उघडं पडतं.

एक छोटी गोष्ट: काचेच्या केबिनमध्ये कुणाला कडक बोलायचं असेल तर त्याची पाठ हॉलकडे येईल असं बसवा. ऐकू काही जात नाही, पण चेहरा सगळ्यांना दिसतो आणि त्याचं अर्धं लक्ष तिथेच राहतं.

खर्जातला_सा

आवाज आणि श्वास याबद्दल लिहितो. वर म्हटलंय की शरीराच्या मागे लागू नका. पोज घेण्याच्या मागे लागू नका हे खरं, पण श्वास ही पोज नव्हे, तो बोलण्याचं इंधन आहे.

मुंबईत माणूस ऑफिसला पोचतो तोच मुळी वरच्या पट्टीत. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, पट्टीही वर जाते. १९११ मध्ये लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी याची नोंद केली, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. लोकलच्या दारात किंवा कुर्ल्याहून बीकेसीला येणाऱ्या शेअर रिक्षात दहा मिनिटं फोनवर बोललात, तर स्वरतंतूंवर तो ताण घेऊनच तुम्ही खुर्चीत बसता. मेट्रो ३ ने येत असाल तरी डब्यात मोठ्याने बोलणं टाळा. महत्त्वाच्या कॉलच्या दिवशी प्रवासात फोन नकोच, मेसेज करा.

पाणी घोटभर पिऊन लगेच बोलायला लागण्याने स्वरतंतू ओले होत नाहीत. घोट अन्ननलिकेतून जातो, स्वरतंतू श्वासाच्या वाटेवर असतात. शरीरात पाणी मुरायला वेळ लागतो, म्हणून अडीचच्या कॉलसाठी सकाळपासून थोडं-थोडं प्या. एसीची हवा कोरडी असते, तिच्या थेट झोताखाली बसू नका. आणि खाकरू नका. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सूज येते, मग पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी आवंढा गिळा.

कॉलआधीची पाच मिनिटं अशी काढा. दोन्ही तळवे जमिनीवर, बूड खुर्चीच्या मागच्या कडेपर्यंत. लॅपटॉपवर वाकून बसलं की पोट दाबलं जातं, छाती आणि पोट यांमधला श्वासाचा पडदा खाली उतरत नाही आणि श्वास छातीतच राहतो. चार आकडे मोजत नाकाने आत, सात आकडे मोजत ओठ किंचित मिटून बाहेर, असे सहा श्वास. एक मिनिटाच्या थोडं वर जातं. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती खाली येते, म्हणून बाहेर सोडणं आत घेण्यापेक्षा लांब हवं. श्वास कोंडून धरू नका, आणि खोल-खोल भराभर घेऊ नका, त्याने चक्कर येते. मग ओठ मिटून "म्" असा गुंजार, आपल्या सहज पट्टीत, अर्धा मिनिट. नाकाच्या दोन्ही बाजूंना कंप जाणवला पाहिजे. घशात जाणवला तर पट्टी खूप खाली ओढताय. आवाज मुद्दाम जाड करणं ही सर्रास चूक आहे, विशेषतः बायकांना तसं शिकवलं जातं. त्याने घसा दुखतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज कुरकुरतो. उरलेल्या वेळात पहिलं वाक्य दोनदा, कुजबुजून नव्हे, साध्या आवाजात. कुजबुजण्यानेही घशावर ताण येतो.

क्रियापद_शेवटी यांनी "नाही" गिळलं जातं म्हटलं, त्याचा उपाय श्वासात आहे. एका श्वासात आठ ते दहा शब्द, तिथे वाक्य संपवा. लांब वाक्य तोडता येत नसेल तर शेवटच्या दोन शब्दांआधी सूक्ष्म थांबा. सरावासाठी वर्तमानपत्राचा एक परिच्छेद घ्या, प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दावर बोटाने टेबलावर टकटक करत वाचा. रोज तीन मिनिटं, दोन आठवडे. शेवटच्या शब्दावर ओरडायचं नाही, तो फक्त आधीच्या शब्दाइतकाच ऐकू आला पाहिजे.

चौथी_सीट

सगळ्यांचे मनापासून आभार. कालचा मजकूर मोजला: ७४० शब्द. चार मिनिटांसाठी. उत्तर तिथेच मिळालं.

दोन शंका. हे सगळं एकदम सुरू केलं तर पुन्हा त्याचंच पाठांतर होईल, मग आधी काय? आणि व्हिडिओ कॉलवर मी थांबले की लंडनवाले लगेच बोलायला लागतात, आम्ही एकमेकांवर आदळतो. तिथे थांबायचं कसं आणि पाहायचं कुठे?

पडद्यामागून

पहिले दोन सोमवार फक्त कार्ड. दुसरं काही नाही. स्टेटसची वही मात्र उद्यापासून सुरू करा, ती बोलण्याची सवय नाही, कारकुनी आहे, तिला वेगळं मनोबल लागत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून "बघते" बंद. टकटकीचा सराव पाचव्या आठवड्यात. एकेकाशी बोलताना गप्प बसणं सगळ्यात शेवटी, कारण ते इतर गोष्टी अंगवळणी पडल्याशिवाय जमत नाही, आणि अर्धवट जमलं तर समोरच्याला तुम्ही रागावलात असं वाटतं.

वायरवाला_हेडफोन

कॉलचं मी सांगतो.

आदळण्याचं कारण विलंब. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला १५० मिलिसेकंदांच्या आत वेळ लागावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. लंडनपर्यंतचं अंतर, ऑफिसचं व्हीपीएन (सुरक्षित नेटवर्क-जोडणी), ब्लूटूथ हे सगळं मिळून ती मर्यादा सहज ओलांडते. वर सांगितलंय की समोरासमोर बोलताना पाळी बदलायला सेकंदाचा पाचवा भाग पुरतो. इथे तेवढा वेळ तर वाटेतच जातो. तुमचा छोटा थांबा त्यांना "संपलं" असा ऐकू येतो. म्हणून कॉलवर थांबण्याआधी आकडा सांगा: "तीन मुद्दे आहेत. पहिला..." तिसरा येईपर्यंत कुणी शिरत नाही. आणि संपल्यावर नाव घेऊन पाळी द्या. "एनी क्वेश्चन्स?" म्हटलं की तिघं एकदम म्यूट काढतात. आदळलातच तर "तुम्ही आधी" एकदाच म्हणा आणि खरोखर थांबा.

ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू झाला की बऱ्याच जोडण्यांमध्ये आवाजाचा दर्जा टेलिफोनसारखा पातळ होतो, त्यामुळे वायरचा हेडसेट घ्या. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला, समोर नको, श्वास आदळतो. ॲपमधलं नॉइज सप्रेशन "हाय"वर असेल तर ते हळू आवाजातले शेवटचे शब्द गोंगाट समजून कापू शकतं. मग "नाही" तुम्ही नीट उच्चारूनही जाणार. शांत मीटिंग रूम मिळाली तर ते "लो"वर ठेवा.

नजर: पूर्ण वेळ कॅमेऱ्यात पाहू नका, तसं पाहिलं तर समोरचे चेहरे तुम्हाला दिसत नाहीत आणि सगळी मेहनत वाया. पहिल्या वाक्याला आणि शेवटच्या मागणीला कॅमेरा, मधे चेहरे. बोलणाऱ्याची खिडकी ओढून कॅमेऱ्याच्या खाली आणा, म्हणजे चेहऱ्याकडे पाहिलं तरी नजर जवळपास समोर राहते. स्वतःची खिडकी लपवा. ती दिसत राहिली की माणूस केस आणि हनुवटी पाहत बोलतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला हवा, लॅपटॉपखाली दोन-तीन जाड फाइली ठेवल्या की काम होतं. खिडकी पाठीमागे नको, बीकेसीच्या काचेच्या इमारतींत दुपारी चेहरा काळा पडतो.

तपासणीसाठी सोमवारआधी एकटीने त्याच ॲपवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा, त्याच खोलीत, त्याच हेडसेटवर. चित्र न बघता फोनच्या स्पीकरवर ऐका आणि कागदावर फक्त प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द लिहा. दहापैकी जेवढे लिहिता आले नाहीत, तेवढे लंडनलाही गेले नाहीत.